कमरेची कट्यार, अस्तनीतला बिचवा

तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या आठ हातांत त्रिशूळ, चक्र, धनुष्यबाण या मोठ्या आयुधांबरोबर बिचवाही आहे. वीतभर पात्याच्या या शस्त्राला देवीच्या हातात जागा मिळाली, यावरून दख्खनच्या युद्धजीवनातले त्याचे मोल कळते. आजच्या धाराशिव जिल्ह्यातले नळदुर्ग आणि परंडा हे किल्ले बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा सत्तांच्या ओढाताणीत सापडले होते. त्या काळच्या शिपायाची मुख्य हत्यारे म्हणजे तलवार, पट्टा, भाला आणि बंदूक. पण तलवार हातून निसटली, किंवा शत्रू इतका अंगाशी आला की ती उपसायलाच जागा उरली नाही, म्हणजे कमरेचे लहान हत्यार हाच शेवटचा आधार असे. म्हणून ते कोणते घ्यावे आणि अंगावर कुठे ठेवावे, हा जिवाशी गाठ असलेला प्रश्न होता.

लहान हत्याराची जागा सर्वत्र पोशाखाने ठरवली. रशियात उंच बुटांच्या आत सुरी खोचत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ती गुडघ्याखालच्या मोज्यात ठेवण्याची रीत पडली. दख्खनच्या शिपायाच्या पायात वहाणा किंवा चढाव असत, त्यांत पाते लपायला जागाच नव्हती. मात्र त्याच्या अंगरख्यावर शेल्याचे किंवा कमरबंदाचे अनेक पदरी वेढे असत. म्यानासकट हत्यार त्या वेढ्यांत घट्ट बसे आणि हाताच्या टप्प्यातही राही. सतराव्या शतकातल्या दख्खनी चित्रांत सरदारांच्या शेल्यात अशी कट्यार खोचलेली पुष्कळदा दिसते.

या जागेसाठी कट्यारीची घडण फारच सोयीची होती. तिची मूठ इतर सुऱ्यांसारखी पात्याच्या रेषेत नसते. दोन समांतर पट्ट्यांच्या मध्ये आडव्या दांड्या बसवलेल्या असतात. त्या मुठीत धरल्या की बाजूच्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांना येतात आणि पाते थेट मुठीच्या पुढे राहते. त्यामुळे ठोसा मारावा तसा वार होतो आणि त्यामागे सगळ्या हाताची ताकद येते. जाळीदार चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असे. शेल्यात खोचल्यावर चपटी मूठ पोटाशी लागून बसे, आणि मुळाशी रुंद, टोकाला निमुळते असलेले म्यान खाली सरकत नसे. कट्यार तिरकी खोचली की घोड्यावर वाकतानाही टोचत नसे. युरोपातून आलेल्या तलवारींच्या पात्यांचे तुकडे बसवूनही कट्यारी केल्या जात. तंजावरच्या मराठी राज्याच्या शस्त्रागारातल्या कट्यारींना तर मुठीवर हाताचे रक्षण करणारी नक्षीदार ढाल जोडलेली आढळते.

ज्याला हत्यार दिसू द्यायचे नव्हते, त्याच्यासाठी बिचवा होता. त्याच्या पात्याला म्हशीच्या शिंगासारखा दुहेरी बाक असतो आणि मूठ म्हणजे धातूचाच बंद वळसा. बोटे त्या वळशात अडकत, म्हणून झटापटीत तो सहसा हातातून सुटत नसे. कट्यारीची आडवी मूठ बाहीत मावणे कठीण. बिचवा सडपातळ असल्यामुळे तो अस्तनीत किंवा शेल्याच्या घडीत सहज लपे. पेशकब्ज हे आणखी एक हत्यार. त्याच्या पात्याची पाठ जाड आणि टोक अतिशय निमुळते असल्यामुळे ते चिलखत भेदण्यासाठी पसंत केले जाई.

निवडीतला हा फरक १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीत दिसला. या भेटीची वर्णने साधनागणिक थोडी वेगळी आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीनुसार अफजलखानाने मिठीत धरून जमदाडीचे, म्हणजे कट्यारीच्या जातीच्या हत्याराचे, म्यान टाकले आणि शिवाजी महाराजांच्या कुशीत वार केला. तो आतल्या चिलखतावर अडला. महाराजांनी वाघनखे आणि बिचवा यांनी उत्तर दिले. खानाचे हत्यार म्यानातून काढावे लागणारे होते, महाराजांची शस्त्रे आधीपासून हातात दडलेली होती.

दख्खनमध्ये अरबी शिपाई आले आणि त्यांच्याबरोबर जंबियाही रुळला. बाकदार पात्याचा हा खंजीर कातडी पट्ट्याला पोटासमोर उभा बांधत; तो लपवण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी असे. हैदराबादच्या निजामाच्या पदरी अरबांची मोठी पथके होती.

या हत्यारांमागे कारागिरांची साखळी उभी होती. तेलंगणातले कोनसमुद्रम हे गाव पोलादासाठी इतके नावाजलेले होते की एकोणिसाव्या शतकातही इराणी व्यापारी ते घेण्यासाठी तेथे येत. लोहार पाते घडवी, शिकलगार त्याला धार आणि झिलई देई. म्यान लाकडाच्या दोन पातळ फळ्यांचे असे, वरून कातडे किंवा मखमल. म्यान सैल झाले तर हत्यार धावताना गळून पडे. फार घट्ट झाले तर ऐन वेळी निघत नसे. म्हणून चांगल्या म्यानालाही मोल असे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्यावर परवान्याचे बंधन आणले. नळदुर्गचा मुलूख १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता, पण १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. त्यामुळे हा कायदा येथे थेट लागू झाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गला पोहोचली आणि चार दिवसांत निजामी राजवट संपली. आज येथे १९५९चा शस्त्र कायदा आहे. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे विळा आणि कोयता शेतकऱ्याच्या हाती राहिले, कट्यार मात्र रोजच्या पोशाखातून गेली.

आता ती दोन प्रसंगी बाहेर निघते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरातली जुनी शस्त्रे पुसून पूजेला मांडतात. लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. पूर्वी ती शत्रूपासून राखणारी होती; आता दृष्ट लागू नये म्हणून धरली जाते. रक्षणाचे काम तिच्याकडे अजूनही आहे.