बिनपगारी बखरकार

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नकार्यात खर्चाचा आकडा फुगू लागला की घरातली वडीलधारी मंडळी सुस्कारा टाकून हे वाक्य उच्चारतात. पण या म्हणीतून दुसराही एक अर्थ निघतो. ज्या कामाचे मोल कोणी देत नाही आणि करणाराही मागत नाही, ते काम हौसेचे. अशा कामातून पुष्कळदा मागे काही उरत नाही. क्वचित मात्र फार मोलाचे उरते. आपल्या देशातील छायाचित्रणाचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डॉक्टर, कारकून, लष्करी अधिकारी, बांधकाम खात्यातला नकाशानवीस अशा माणसांनी पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हा छंद जोपासला. आपण इतिहास लिहितो आहोत असे त्यांतल्या कोणाला वाटले असेल, असे दिसत नाही. तरीही त्या काळचे चेहरे, वेष, किल्ले आणि रस्ते आज आपल्याला दिसतात, त्याचे बरेचसे श्रेय या बिनपगारी बखरकारांना द्यावे लागते.

मुंबईची मंडळी

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला. पॅरिसमध्ये दागेर याची रीत जाहीर झाली आणि इंग्लंडात टॅल्बट याने आपली वेगळी रीत मांडली. ही बातमी हिंदुस्थानात पोहोचायला वेळ लागला नाही. १८४० च्या आरंभीच कलकत्त्यात कॅमेऱ्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली स्थापन झाली आणि अवघ्या एका वर्षाने, १८५४ मध्ये, मुंबईत तशीच संस्था उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ च्या. म्हणजे या बाबतीत हिंदुस्थानात पहिला मान मुंबईचा.

या संस्थेत गोरे अधिकारी होते, तसेच आपले लोकही होते. त्यांत डॉ. नारायण दाजी यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू. लाडांचे मूळ गाव गोव्यातील पेडण्याकडचे मांद्रे. दोघेही भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. भाऊंनी व्यवसाय सांभाळून अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचले, नाणी व पोथ्या जमवल्या. नारायणरावांनी कॅमेरा हाती घेतला, सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर काम केले आणि फकीर-बैराग्यांची छायाचित्रे प्रदर्शनात मांडली. एका भावाने दगडावरची अक्षरे वाचली, दुसऱ्याने माणसांचे चेहरे टिपले. दोघांनाही त्याबद्दल पगार नव्हता.

त्याच सुमारास, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिचंद चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित छायाचित्रकार झाले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात सोसायटीच्या आश्रयाने एक मासिक संग्रह काढला. प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे आणि असे २४ अंक. त्याचे नाव होते ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’, म्हणजे हिंदी हौशी मंडळींचा चित्रसंग्रह. ‘हौशी’ हा शब्द त्यांनी कमीपणाचा मानला नाही, उलट शीर्षकात मिरवला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

छंद कसला, तपश्चर्या!

आज फोटो काढायला बोट टेकवणे पुरते. त्या मंडळींना काय करावे लागत असे, ते एकदा समजून घेतले पाहिजे. १८५१ मध्ये इंग्लंडातील आर्चर याने ओल्या काचेची रीत शोधून काढली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव सारखा पसरायचा, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि द्राव सुकण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन ती धुवायची. सगळे मिळून हाती दहा-पंधरा मिनिटे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्यामुळे किल्ल्याचे चित्र काढायचे तर कॅमेरा, तिवई, काचांच्या पेट्या, बाटल्या, पाण्याचे पिंप आणि अंधारा तंबू एवढा संसार डोंगरावर न्यावा लागे. कागदावर छाप उमटवायचा तर त्या कागदाला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप हवा. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात हा पदार्थ कित्येक घरांच्या उंबऱ्याआत येणेच कठीण!

शिवाय फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही समजूत होतीच. समोरच्या माणसाला समजावून स्तब्ध बसवणे हे रसायनांइतकेच जिकिरीचे काम असले पाहिजे. एवढे सोसून ज्यांनी हा नाद सोडला नाही, त्यांना हौशी म्हणताना आपण थोडे अदबीने म्हणावे.

इंदूरचा नकाशानवीस

या कथेचा नायक निवडायचा झाल्यास मी लाला दीनदयाळ यांना निवडीन. ते मराठी नव्हेत. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचे. आठ वर्षे ते एवढेच करीत होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. वय तीस, पदरी सरकारी नोकरी.

येथे होळकरांच्या इंदूरचा वाटा सांगितला पाहिजे. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या कर्मचाऱ्याचा छंद ओळखला, त्याला उत्तेजन दिले आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी त्याची गाठ घालून दिली. हेच पुढे डेली कॉलेजचे संस्थापक. डेलींनंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी १८८२ मध्ये बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर दीनदयाळांना बरोबर नेले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो येथील वास्तूंची त्यांची चित्रे ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात आहेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची त्यांनी टिपलेली रूपे पाहताना, नकाशे काढणाऱ्या हाताला इमारतीचा तोल कसा कळत होता, ते लक्षात येते. नोकरीतले शिक्षण छंदात असे उपयोगी पडले.

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि छंदाचाच व्यवसाय झाला. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा मोठा स्टुडिओ होता, आणि १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. हैदराबादेत १८९२ मध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून त्यावर एका इंग्रज बाईंना नेमले. १९०५ मध्ये ते वारले.

मला त्यांच्या किताबांपेक्षा एक साधी सवय मोठी वाटते. ते आपल्या काचांना क्रमांक देत. त्यांच्या कितीतरी चित्रांच्या कोपऱ्यात तो क्रमांक आणि त्यांचे नाव आजही वाचता येते. १९८९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचा विकत घेतल्या. बांधकाम खात्यात शिकलेली नोंदीची शिस्त अशी त्या चित्रांच्या सोबतीला राहिली.

कॅमेरा घराघरात

कोरड्या काचा आल्या आणि छायाचित्रकाराचा तंबू सुटला. १८८८ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन याने कोडॅक कॅमेरा काढला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे धाडायचा. चित्रे धुऊन, नवी गुंडाळी भरून तो परत येई. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला. आता चित्र काढणे ज्ञानाचे काम राहिले नाही, इच्छेचे झाले.

आपल्याकडे हे दिवस यायला आणखी काही दशके लागली. तरी छंद घरात शिरला की काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. होमाई व्यारावाला यांना आपण पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतो. त्यांना कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, आणि ते एका वृत्तपत्राच्या कचेरीत हिशेबनीस होते. होमाईंची आरंभी छापली गेलेली चित्रे होती बायकांच्या सहलीची. पुढे त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ टिपला, तरी सुरुवात झाली ती सहलीपासून. आयुष्याची अखेरची वर्षे त्या बडोद्यात राहिल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच बडोद्याचा आपल्या पिढीवर आणखी एक उपकार आहे. आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा तेथील न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होत असे. काळा, चौकोनी, हलका. एका गुंडाळीत चौरस बारा चित्रे. मध्यमवर्गीय घरात सहल, मुंज, बारसे या सगळ्यांच्या वाटणीला मिळून ही बारा! उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म त्यात घालायची. तो सरकारी कारखाना पुढे बंद पडला. पण देशी कॅमेऱ्यात देशी फिल्म घालण्याचा अभिमान आम्ही शाळकरी वयात अनुभवला आहे. ज्यांचा नाद अधिक, ते न्हाणीघराची खिडकी घोंगडीने झाकून, लाल दिवा लावून तीन एनॅमलच्या ट्रेमध्ये छाप धूत. डेव्हलपरमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू आजीचा चेहरा उमटताना ज्याने पाहिला आहे, त्याला या छंदाची गोडी निराळी सांगावी लागत नाही.

बारा चित्रांच्या त्या हिशेबाने एक मोठी गोष्ट शिकवली. बटण दाबण्यापूर्वी पाहायला हवे. ऊन कोणीकडून येते, आजोबा हसताहेत की संकोचले आहेत, मागे वाळत घातलेले धोतर दिसते का, हे बघता बघता माणूस आपल्याच घराकडे नव्याने पाहू लागतो. या छंदाचा आनंद खरा तिथे आहे. त्यासाठी काश्मीरला जावे लागत नाही. आठवड्याच्या बाजाराला गेले तरी पुरते.

पाठीवरच्या दोन ओळी

आता थोडे आपल्याविषयी. आमच्या शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी पेटी आहे. तीत गेल्या साठ-सत्तर वर्षांतले वर्गांचे ग्रुप फोटो आहेत. पुढे बसलेल्या मुलाच्या हातातील पाटीवर इयत्ता आणि साल लिहिलेले, नावे मात्र कोठेच नाहीत. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तेव्हा हे फोटो आम्ही टेबलावर मांडले. शिक्षकांची नावे बहुतेकांना आठवली. एका फोटोत कडेला, खांबाला टेकून शिपाई उभा होता. त्याला कोणी ओळखेना. अखेर ऐंशीच्या घरातल्या एक बाई पुढे झाल्या, चष्मा वर करून त्यांनी फोटो जवळ धरला आणि नाव सांगितले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की हा गृहस्थ धाकट्या मुलांना खांद्यावर घेऊन पलीकडे पोहोचवीत असे, हेही सांगितले. मी तिथल्या तिथे ते मागे लिहून घेतले. त्या पावसाळ्यानंतर बाई गेल्या. मेळावा एक वर्ष उशिरा झाला असता, तर तो माणूस कायमचा ‘कडेला उभा असलेला कोणीतरी’ राहिला असता.

सीमाभागातल्या घरांना हे जास्त लागू आहे. आपल्या वाडवडिलांचे कागद एकाहून अधिक राज्यांच्या दप्तरांत वाटले गेले. कोल्हापूर, मुंबई, धारवाड, कोठे काय सापडेल याचा नेम नाही. शहापूर-वडगावच्या हातमागांवर बसणारी माणसे, खानापूरकडच्या कौलांच्या भट्ट्या, जुन्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या आणि त्या पाट्यांवरची अक्षरे यांची नोंद सरकारी दप्तर ठेवीत नाही. ती कोणा हौशी माणसाने सहज काढलेल्या चित्रात असते. मागचे भाडेकरू घर सोडून जाताना भिंतीवरचे ओल लागलेले फोटो तिथेच ठेवून जातात, रद्दीवाला चौकट घेतो आणि आतला माणूस फेकून देतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

यावर उपाय फार मोठे नाहीत. येत्या दिवाळीत घरातले सगळ्यांत वृद्ध माणूस आणि सगळ्यांत लहान मूल यांना एका चटईवर बसवावे, अल्बम मधे ठेवावा आणि मुलाच्या हाती मऊ पेन्सिल द्यावी. फोटोच्या पाठीवर नाव, गाव, साल. बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे अल्बम टाळावेत आणि ओल येणाऱ्या भिंतीवर जुने फोटो टांगू नयेत.

मोबाइलमुळे आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, याचे मला शिक्षक म्हणून वाईट वाटत नाही. नारायणरावांना हे पाहून आनंदच झाला असता. अडचण एवढीच, की हजारो चित्रांत हवे ते सापडत नाही आणि फोन बिघडला की सगळी एकदम जातात. म्हणून वर्षभराच्या चित्रांतून फक्त बारा निवडावीत, क्लिक थ्रीच्या गुंडाळीएवढी. ती कागदावर छापून घ्यावीत आणि पाठीवर दोन ओळी लिहाव्यात. निवडताना एक तरी चित्र रोजच्या कामातल्या माणसाचे असावे. दूधवाल्याचे, शिंपीकाकांचे किंवा शाळेच्या शिपायाचे. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते हातात धरील, उलटून पाहील, आणि त्याला त्या माणसाचे नाव मिळेल.