मॉडेम, इंटरप्ट आणि लिनक्स : एका भांडणाचा इतिहास

१९९०च्या दशकात घरच्या संगणकावर लिनक्स बसवणारे आपल्यापैकी अनेक जण मॉडेमपाशी अडायचे. नंबर लागायचा, तो ओळखीचा कर्कश आवाजही यायचा, पण पडद्यावर अक्षरं ठिबकत यायची. नाहीतर मॉडेम चालू झालं की माउस बंद. मग आपण मॉडेमला शिव्या घालायचो. खरं कारण मात्र जुनं होतं.

१९८१च्या आयबीएम पीसीत इंटरप्टच्या फक्त ८ रेघा होत्या. इंटरप्ट म्हणजे काय, तर 'माझ्याकडे काम आलंय' असं उपकरणानं प्रोसेसरला सांगणं. १९८४च्या एटी संगणकात दुसरी चिप आली आणि वापरता येण्याजोग्या रेघा १५ झाल्या. पण सीरियल पोर्टांची वाटणी तीच राहिली : कॉम १ आणि कॉम ३ यांना ४ नंबर, कॉम २ आणि कॉम ४ यांना ३ नंबर. आयसा कार्डांना एक रेघ वाटून घेणं सहसा जमत नसे. माउस कॉम १ वर आणि आतलं मॉडेम कॉम ३ वर, की झालं भांडण सुरू!

आता उपाय बघू. प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्स ही फाइल उघडली की कुठली रेघ कोणाकडे आहे ते दिसतं. एखादी रिकामी रेघ निवडायची, कार्डावरचा जंपर तिथे हलवायचा आणि मग सेटसीरियल ही आज्ञा द्यायची. इथे आपण हमखास फसायचो. सेटसीरियल कार्ड बदलत नाही. ते फक्त कर्नलला सांगतं. जंपर एका नंबरावर आणि कर्नल दुसऱ्यावर असेल, तर कर्नल भलत्याच दारात वाट बघत बसतं. अधूनमधून स्वतःच डोकावतं, तेवढीच अक्षरं येतात. ठिबकण्याचं गुपित हे.

पुढे प्लग अँड प्ले कार्डं आली, जंपर गेले. लिनक्सवर आयसापीएनपी साधनं वापरावी लागत, २००१च्या २.४ कर्नलमध्ये ती सोय आतच आली. पण तोवर विनमॉडेम पसरलं होतं. त्यात सिग्नलचं बरंचसं काम कार्डाऐवजी विंडोजच्या ड्रायव्हरकडे असे. ड्रायव्हर लिहायला लागणारी माहिती उत्पादक बहुधा देत नसत. मग रेघ कितीही बदला, उपयोग शून्य.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरून. घरातून बाहेर जायचं दार एकच, मॉडेम. ते बंद, तर मदत शोधायची वाटही बंद. सीडीवर आलेली हाउटू पानं हाच आधार.

म्हणून आम्हाला या इतिहासात दोन वेगळी भांडणं दिसतात. पहिलं दोन कार्डांमधलं. ते जंपर हलवून मिटलं. दुसरं, यंत्र विकत घेणाऱ्याला त्याची माहिती मिळावी की नाही, याचं. त्याला जंपर नव्हता.