बाळापूरची छत्री

अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला आहे. औरंगजेबपुत्र आझमशहाने तो बांधायला घेतला. अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. बहुतेक लोक तो पाहून परततात. मला मात्र नदीकाठची काळ्या दगडाची छत्रीच अधिक ओढते. ती मिर्झाराजे जयसिंगांची. छत्री म्हटले की समाधी, असे आपण धरून चालतो. मीही कैक वर्षे तेच समजत होतो. पण १६६५ मध्ये शिवरायांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे १६६७ मध्ये वारले ते बुऱ्हाणपुरात. तिथे तापीकाठीही त्यांची छत्री आहे. बाळापूरची छत्री तर त्यांनीच बांधवली, असे परंपरा सांगते. तेव्हा माझ्या मते ही खूण मरणाची नव्हे, मुक्कामाची. गावात विचारा, उत्तर अजून ‘राजाची समाधी’ असेच येते.