उजेडातला लाल रंग

१८६२ साली भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यामागे होता तोफखान्यातला तरुण अधिकारी, लेफ्टनंट जेम्स वॉटरहाउस. मध्य हिंदुस्थानातल्या लोकांची छायाचित्रे काढून आणायची सरकारी कामगिरी त्याच्यावर होती. बेगमसाहेबांनी आणि त्यांची कन्या शाहजहान बेगम यांनी निरनिराळे पोशाख घालून फोटो काढून घेतले. अशा कामगिऱ्यांतून जमलेली चित्रे पुढे 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांत (१८६८ ते १८७५) छापली गेली.

आज फोटोसाठी कोणता दिवा घ्यावा यावर लोक तासन् तास बोलतात. वॉटरहाउसकडे दिवाच नव्हता. होता तो सूर्य! काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ती ओली आहे तोवर फोटो काढून लगेच धुवायचा. तोवर समोरच्या माणसाने काही सेकंद हलायचे नाही.

पण त्या काचेत एक खोट होती. तिला निळा-जांभळा उजेड दिसे, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसत नसे. तांबडे लुगडे काळे उमटे. आणि आपली सावळी, गव्हाळ कातडी? तिच्यात तांबूस-पिवळ्या छटाच जास्त, त्यामुळे माणूस होता त्याहून काळवंडलेला दिसे. आपल्या लोकांची जात, जमात आणि स्वभावसुद्धा साहेब लोक ज्या चित्रांखाली लिहीत होते, त्या चित्रांना आपला रंगच नीट दिसत नव्हता. याचा विचार केला की मन थोडे खट्टू होते.

हे सगळे आठवायचे कारण भोपाळचेच. माझा आतेभाऊ बरीच वर्षे तिथे शाहपुऱ्याला राहतो. शाहपुरा म्हणजे जुन्या नवाबी शहरापासून दूर, दक्षिणेकडची नवी वस्ती. तिथला तलावसुद्धा १९७० च्या दशकातला. निवृत्तीनंतर दादाने ठरवले की ओळखीच्या मराठी घरांतल्या ऐंशी ओलांडलेल्या माणसांचे चांगले फोटो काढून ठेवायचे. त्यासाठी एक स्वस्त एलईडी पॅनल आणले. पहिल्याच फोटोत एक आजी राखेसारख्या दिसल्या. त्यांनी विचारले, "मी इतकी आजारी दिसते का रे?" दादाने मला फोन केला, "तू इतिहास वाचतोस, सांग बघू, चुकते कुठे?"

दिव्यांचा इतिहास तसा रंजक आहे. १८६४ साली मँचेस्टरमध्ये अल्फ्रेड ब्रदर्स याने मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडात माणसाचा फोटो काढला. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके या दोघांनी झगझगणारी पूड काढली. एकदम उजेड, धूर आणि कधी कधी भाजलेले हात! १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेचा फ्लॅशबल्ब आला आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश कामाला लावला. प्रत्येक पायरीला उजेड वाढला. चेहरा मात्र वाढला असे म्हणवत नाही.

जुने स्टुडिओवाले बहुधा उत्तरेकडच्या मोठ्या काचेतून येणारा उजेड घेत. तो दिवसभर फारसा बदलत नाही आणि थेट ऊन आत शिरत नाही. लाला दीनदयाळ याच परंपरेतले. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता ते छायाचित्रकार झाले (आम्हा कारकुनांना तेवढाच अभिमान!) आणि १८९६ साली त्यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. मोठ्या खिडकीचा उजेड गालावरून हळूहळू सावलीत उतरतो. नाक, भुवई, सुरकुती आपापल्या जागी राहतात. याउलट माझ्या टेबलावर रोज अर्जांना चिकटून येणारे फोटो पाहा. समोरून फ्लॅश, चेहरा सपाट, मागे काळी सावली. माणूस गेल्यावर पुष्कळ घरांत तोच फोटो मोठा करून भिंतीवर लागतो, कारण दुसरा नसतो.

म्हणून दादाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दिवा किती प्रखर यापेक्षा किती मोठा आणि किती जवळ ते पाहा. सॉफ्टबॉक्स म्हणजे शिवलेली खिडकीच. चेहऱ्यासाठी दोन-तीन फुटी पुरतो. तो एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड चौथाई होतो आणि लांबून तो कडकही पडतो. दुसरी गोष्ट लाल रंगाची. दिव्याच्या खोक्यावर सीआरआयचा आकडा असतो, तो ९५ च्या वर हवा. पण त्या सरासरीत गडद लाल धरलेलाच नसतो. त्याचा आकडा वेगळा, आर-नाइन नावाचा. ८० सीआरआयच्या साध्या एलईडीत तो शून्याजवळही असू शकतो. म्हणजे १८६२ ची काच लाल पाहत नव्हती आणि आजचा स्वस्त दिवा लाल देत नाही. दोन्हीकडे नुकसान आपल्याच कातडीचे. आजी आजारी नव्हत्या, दिवा आजारी होता.

आम्हा गोंयकारांना तर हे नवीन नसावे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. तिच्यात कॅमेरा हाती घेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. हे घराणे आमच्या पेडण्यातल्या मांद्र्याचे. शिवाय आपल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेतच. ऊन अडवून मऊ उजेड आत सोडणारी ती तावदाने कुठल्याही सॉफ्टबॉक्सच्या आधीची आहेत, आणि सूर्याच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो.

तेव्हा वाचकहो, पैसे असतील तर चांगला दिवा जरूर घ्या. नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी त्या खिडकीपाशी बसवा, खोलीतली ट्यूबलाईट बंद करा, पलीकडे पांढरी चादर धरा आणि फोटो काढा. अर्जासाठी काढलेला फोटो भिंतीवर लावायची वेळ येण्याआधी काढा.