ओठ आधी, आवाज मागून

लांबच्या बांधावर कोणी बाभळीवर कुऱ्हाड चालवत असेल, तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. त्याचे आपल्याला नवल वाटत नाही. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. उजेड त्याच्या कितीतरी पुढे. पण समोरच्या माणसाचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले, तर? मोबाइलवरच्या चित्रणात असे झाले की आपण म्हणतो, ‘फाइल बिघडली’, आणि ती पुसून टाकतो. थांबा गुरुजी, पुसण्याआधी या दुखण्याचा इतिहास तरी ऐका. ते सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एडिसनची प्रयोगशाळा होती. तिथे 1894-95 च्या सुमारास डिक्सन नावाच्या त्याच्या सहाय्यकाने भल्यामोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवले, आणि शेजारी दोन माणसे त्या तालावर नाचली. चित्र घेतले फिल्मवर आणि आवाज घेतला मेणाच्या नळकांड्यावर. पुढे दोघांची ताटातूट झाली. चित्र मुके राहिले, नळकांडे तर भंगले. ते 1998 साली सांधून त्यातला आवाज काढण्यात आला. पण आवाज सुमारे दोन मिनिटांचा, आणि चित्र जेमतेम 17 सेकंदांचे! चित्र कुठल्या सुराशी लावायचे? शिवाय ते सेकंदाला 40 चौकटी या वेगाने घेतलेले. अखेर 2000 साली वॉल्टर मर्च या नामांकित संकलकाने संगणकावर दोन्हींची गाठ घातली. शंभर वर्षे मुका नाचलेला तो नाच बोलू लागला. कोणी ते तुकडे ‘निकामी’ म्हणून फेकून दिले असते, तर?

चित्र आणि आवाज ही मुळात दोन वेगळी माणसे आहेत, हे यातून ध्यानात घ्या. त्यांना बांधणारा दोर एकच, तो म्हणजे वेळ. 1927 सालच्या ‘द जाझ सिंगर’ या गाजलेल्या बोलपटातही आवाज वेगळ्या तबकडीवरच होता. फिल्म तुटली आणि सांधताना चार चौकटी गळल्या, की तबकडी तेवढी मागे पडे. म्हणून गळालेल्या जागी तेवढ्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत. पुढे आवाज फिल्मच्याच कडेला पट्टीसारखा उमटवण्याची रीत आली, आणि दोघे एकाच गाडीत बसले.

आपला पहिला बोलपट, आर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’, 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याचे चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी घेतलेले होते. आज त्याची एकही प्रत हाती नाही. जुळणीची इतकी यातायात केली, पण जपणूक राहिली!

आता संगणकाकडे येऊ. चित्रणाची फाइल ही एक पेटी समजा. तिच्यात चित्र आणि आवाज यांची दोन वेगळी गाठोडी असतात, आणि प्रत्येक तुकड्यावर ‘अमुक क्षणी दाखव, अमुक क्षणी वाजव’ अशी वेळेची चिठ्ठी असते. गाठोडे आवळून बांधण्याची आणि सोडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. या रीती सर्वांच्या सारख्या असाव्यात म्हणून 1988 साली ‘एमपेग’ हा तज्ज्ञगट स्थापन झाला.

तेव्हा दुखणे तीन तऱ्हेचे असते. पहिली तऱ्हा : चित्र दिसते पण आवाज नाही, किंवा आवाज येतो पण पडदा काळा. अशा वेळी बहुधा फाइल धड असते; गाठ सोडण्याची रीत त्या यंत्राला ठाऊक नसते. व्हीएलसीसारख्या, बरेच कोडेक जाणणाऱ्या प्लेअरमध्ये ती लावून पाहा. दुसरी : आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे. तो सरसकट तेवढाच पुढे सरकवला की काम झाले. तिसरी जरा खोडकर : सुरुवातीला ठीक, आणि पुढे पुढे अंतर वाढत जाते. इथे आवाज नुसता सरकवून भागत नाही, कारण दोघांची चालच वेगळी असते. सेकंदाला 24 चौकटी आणि 23.976 चौकटी यांत फरक तो केवढा? पण तासाभरात तो 3.6 सेकंदांचा होतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एका खेड्यात आम्ही जात्यावरच्या ओव्या टिपल्या. चित्र मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. घरी येऊन दोन्ही जोडले, तर अर्ध्या तासाच्या शेवटी जाते थांबलेले आणि ओवी चालूच! विद्यार्थी म्हणाला, “सर, पुसून टाकू का?” मी ‘हो’ म्हणणारच होतो. अंधाऱ्या ओसरीत मोबाइलने चौकटी कधी कमी, कधी जास्त घेतल्या होत्या, आणि जोडणाऱ्या प्रोग्रॅमने त्या एकसारख्या धरल्या होत्या. मूळ चित्रणावरून स्थिर वेगाची नवी प्रत केली, आवाज पुन्हा लावला, आणि ओवी जात्यावर येऊन बसली. त्या आजी पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांच्या नातीकडे आज ते चित्रण आहे.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावातल्या जुन्या माणसाचे बोलणे टिपायला बसाल, तेव्हा दोन गोष्टी करा. कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला एक आणि शेवटी एक, अशी खणखणीत टाळी वाजवा. हात मिळालेले दिसले त्याच क्षणी टाळी ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर फरक किती आणि तो वाढतो की नाही, ते तिथेच कळेल. आणि दुरुस्ती नेहमी नकलेवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. आज आपल्याला जमले नाही, तरी उद्या कोणाला तरी जमेल. डिक्सनच्या व्हायोलिनला शंभर वर्षे थांबावे लागले. पण ते तुकडे कोणी तरी ठेवले होते.