संमिश्र अध्ययन

वर्गातील प्रत्यक्ष अध्यापन व आंतरजालाद्वारे होणारे अध्ययन यांची एकाच अभ्यासक्रमात घातलेली सांगड. पाठ पडद्यावर पाहून शंकानिरसन, सराव व चर्चा वर्गात करणे, हा तिचा एक रूढ प्रकार होय. वर्ग बंद असताना नुसते दूरस्थ पाठ पुरविणे, यास ही संज्ञा लावणे यथार्थ नाही.

संज्ञा नवी असली, तरी तीमागील तत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात आंतरजालाच्या पुष्कळ आधी झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतृमंडळे चालविली. सु. १५० गावांतील शेतकरी अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकत, लगेच त्यावर चर्चा करीत आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूराथ यांच्या पाहणीत मंडळे असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी, नुसता रेडिओ असलेल्या गावांतील वाढीपेक्षा बरीच अधिक आढळली. यंत्र दोन्हीकडे होते. फरक चर्चेने पडला. पुढील योजनांत या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष दिले गेले, असे दिसत नाही.

पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ने (१९८४–२०१७) शालेय चित्रफिती तयार केल्या, परंतु दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण एकमार्गी असल्याने ते थांबवून मुलांना विचारण्याची सोय शिक्षकास नव्हती. नासिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांना अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रांची जोड दिली. परितेवाडी (जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर संकेत जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. येथे पाठ केव्हा व किती दाखवावयाचा, हे शिक्षकाच्या हाती आले. उच्च शिक्षणात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्याने अभ्यासक्रमाचा ४०% पर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा सुचविली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम राज्यात राबविला गेला. त्याची कसोटी नंदुरबारसारख्या जिल्ह्यात लागली. २०११ च्या जनगणनेनुसार येथील साक्षरता (सु. ६४%) राज्यात सर्वांत कमी आणि सु. ६९% लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. तापीच्या खोऱ्यातील शहादा तालुका (ब्राह्मणपुरी हे गाव याच तालुक्यात येते) आणि सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांचे विखुरलेले पाडे यांची स्थिती सारखी नव्हती. डोंगरात भ्रमणध्वनीची जोडणी अनेक ठिकाणी नव्हती. जेथे होती, तेथे घरातील एकमेव संच पालकांबरोबर कामावर जाई. शिवाय मुलांची घरची बोली भिली वा पावरी आणि पाठांची भाषा प्रमाण मराठी. हे अंतर आजवर वर्गातील शिक्षक भरून काढीत असे. ध्वनिमुद्रित पाठास ते शक्य नव्हते.