माहेरपण आणि मुलांचा मोबाइल
लेक माहेरी आली की तिने निवांत बसायचं आणि तिची मुलं घराने सांभाळायची, ही आमच्या वरोर गावची जुनी रीत. वाणगाव स्टेशनवर उतरून एसटीने ती गावात पोहोचली की मुलं मामी, मावश्या आणि आळीतल्या पोरांच्या स्वाधीन. ओहोटीला खडकांच्या खाचांत चिंबोऱ्या शोधायच्या, मे महिन्यात ताडगोळ्यांवर तुटून पडायचं, दुपारी पडवीत सागरगोटे. कोणाचं मूल कोणाकडे जेवलं, याची चौकशी रात्री व्हायची. या रीतीत आधी टीव्ही आला आणि मग मोबाइल. ते सगळं मी याच गावात पाहिलं आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. आमचं गाव मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे चित्र मिळवायला धडपड करावी लागे. उंच बांबूला अँटेना बांधून तिचं तोंड दक्षिणेला करायचं. समुद्रावरचा वारा सुटला की ती फिरायची. मग एकजण अंगणात बांबू धरून उभा आणि आतून आरडाओरडा: “मुंग्या आल्या! जरा डावीकडे! बस, बस, आता हलवू नको!”

टीव्ही मोजक्या घरांत होता, म्हणून पाहुण्यांची मुलं तो पाहायला शेजारी जात. पुढे चटईवर मुलं, मागे म्हाताऱ्या, कडेला भिंतीला टेकून पुरुष. वाडीत कामाला येणाऱ्या बायांची मुलं मात्र पुष्कळदा उंबऱ्याबाहेरूनच बघत. आमच्या सासूबाई त्यांना हात धरून आत बसवत. सगळ्या घरांत तसं नव्हतं, हेही नोंदवलं पाहिजे. पूजेला किंवा लग्नाला भाड्याने व्हीसीआर आणला की रात्रभर सिनेमे चालत आणि लहान मुलं जिथे बसली तिथेच झोपून जात.

25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागलं. पाहुणे मंडळी ते संपल्याशिवाय परतीला निघत नसत. पण ते संपायचं, ही मोठी गोष्ट होती. टीव्ही बंद झाला की मुलं अंगणात पळत. माडाच्या हिरांचे बाण आणि वाकवलेल्या कामटीचं धनुष्य घेऊन संध्याकाळपर्यंत युद्ध चाले. पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला ‘महाभारत’ सुरू झालं आणि अंगणात गदा आल्या. पाहिलेलं खेळात उतरत होतं आणि खेळायला सोबती हजर होते.

नव्वदच्या दशकात केबल आली. घरोघरी टीव्ही झाला, कार्यक्रमांना शेवट उरला नाही, शेजारी जाण्याचं कारण संपलं. 2013 साली विरारहून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. येणं सोपं झालं तसं राहणं आखडलं. महिनाभराचं माहेरपण दोन दिवसांवर आलं. एवढ्यात पाहुण्या मुलाची गावातल्या मुलांशी गट्टी जमायची कशी? 2016 मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. 2020 च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाइलमध्ये गेली आणि मोबाइल लांब ठेवणाऱ्या घरांनाही तो मुलाच्या हाती द्यावा लागला.

गेल्या गणपतीत माझी भाची आली होती. तिचा लेक ताटापुढच्या तांब्याला मोबाइल टेकवल्याशिवाय तोंड उघडत नव्हता. गाणं थांबलं की घास ओठावरच अडायचा. आजूबाजूच्या बायकांनी तिला बोल लावले. मला ते पटलं नाही. आठवडाभर नोकरी आणि रांधणं-वाढणं करून ती विसाव्याला आली होती. पूर्वी हा विसावा तिला मामी, मावशी आणि आळीतली पोरं देत. आज घरात दोन म्हातारी माणसं, आणि आळीतली पोरंही आपापल्या मोबाइलवर. आम्ही सोडून दिलेलं काम त्या मोबाइलने उचललं आहे.

दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाभरापेक्षा जास्त पडदा नको आणि दोन वर्षांखालच्याला मुळीच नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं. पण हा नियम एकट्या आईने पाळायचा म्हटला, तर तिचं माहेरपण संपलंच. म्हणून मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव महत्त्वाचं वाटतं. तिथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. निर्णय गावाने घेतला, म्हणून तो कुणा एकीच्या डोक्यावर बसला नाही.

आमच्या शेजारच्या वाढवणला बंदर होऊ घातलं आहे; 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. हा किनारा उद्या कसा असेल याची मला काळजी वाटते. म्हणून पाहुण्या मुलांनी तो आत्ताच पायांखाली घालावा असं मला तीव्रतेने वाटतं. येत्या गणपतीसाठी आमच्या घराने ठरवलं आहे: आधी मोठ्यांचे मोबाइल कपाटात, ओहोटीची वेळ पाहून थोरल्या पोरांनी धाकट्यांना खडकांवर न्यायचं, आणि लहानग्यांना भरवायचं काम माझं. माहेरवाशिणीला सल्ला देण्याआधी तिचं मूल आपण कडेवर घ्यायला हवं.